चौदाव्या टेपवरचं आख्यान

दहावीत जाईपर्यंत संस्कृतीच्या प्रत्येक उत्तराला एक शेपूट असायचं. "पाणी शंभर अंशाला उकळतं, बहुतेक." "शिवनेरी जुन्नरजवळ आहे, बहुतेक." 'माझं नाव संस्कृती, बहुतेक' एवढंच म्हणायचं काय ते बाकी होतं. जूनमध्ये विज्ञानाच्या बाईंनी तिला फळ्यापाशी उभं केलं आणि सांगितलं, "बरोबर की चूक ते मी बघेन. तू फक्त शेपूट कापून उत्तर दे." तिनं कापलं. उत्तर बरोबर निघालं. आणि त्या दिवसापासून पोरीच्या अंगात असं वारं शिरलं, की रिक्षावाल्याशी बोलायला आईसुद्धा तिलाच पुढे करू लागली.

घर बिबवेवाडीत. वर दोन खोल्या, खाली 'भाग्यश्री व्हिडिओ' ही दुकानवजा जागा. भाग्यश्री म्हणजे आई. लग्नाचं सगळं चित्रीकरण कापून, जोडून, गाणी लावून ती त्याचा सिनेमा करायची. कॅमेरा बाबांचा. बाबा, म्हणजे उत्तरेश्वर, बार्शीकडून एक बॅग आणि एक कॅमेरा घेऊन पुण्यात आले ते इथलेच झाले. त्यांचा एक हट्ट होता. कॅमेऱ्यात जे आलं ते पुसायचं नाही. गिऱ्हाइकाला तीन तासांचा सिनेमा गेला तरी वीस तासांचा कच्चा माल आपल्याकडे राहिला पाहिजे.

"लग्न माणसाचं एकदाच होतं," बाबा म्हणायचे.

"हल्ली तसं काही सांगता येत नाही," आई मान वर न करता म्हणायची.

एवढा माल हार्ड डिस्कवर ठेवायचा तर डिस्कांनीच घर भरलं असतं. तो प्रश्न सोडवला होता शेजारच्या रामदासकाकांनी. बँकेच्या कॉम्प्युटर खात्यातून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी बुधवार पेठेत हिंडून एक जुना टेप ड्राइव्ह, म्हणजे टेपेवर लिहायचं-वाचायचं यंत्र, पैदा केला आणि लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरला जोडून दिला. तळहाताएवढ्या चौकोनी, काळ्या टेपा. एकेका टेपेत आठ-दहा लग्नं सहज मावायची. डबीवर काकांच्या वळणदार अक्षरात टेपेचा नंबर, लग्नांची यादी आणि खालच्या कोपऱ्यात लाल शाईनं '२०४८'. त्या आकड्याचा अर्थ काकांना कुणी कधी विचारला नाही. बाबांनी तो आपला आपणच लावला होता आणि गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगत होते, "आमच्याकडं तुमचं लग्न दोन हजार अठ्ठेचाळीस सालापर्यंत सुरक्षित."

संस्कृती तिसरीत असल्यापासून काकांच्या शेजारी स्टुलावर बसायची. टेप आत ढकलण्याआधी तिच्या कडेची लाल खिट्टी सरकवायची, हे काम तिचं. खिट्टी सरकली की टेप फक्त वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. "वाचायचं असेल तर आधी कुलूप," काका म्हणायचे. "हाताचा भरवसा नाही, आणि डोक्याचा त्याहून नाही."

दोन वर्षांपूर्वी काका गेले. वर्षभरात जुनं मशीनही गेलं. नवं आलं, ड्राइव्ह त्याला जोडला गेला, पण त्याला काही विचारायची वेळच आली नव्हती. आली ती त्या गुरुवारी.

त्या संध्याकाळी दुकानात दोघंजण आले. पुढे तिशीचा गडी, मागे पांढऱ्या शुभ्र धोतरातले एक म्हातारे. गळ्याला मफलर, काखेत शाळेतल्या पोरासारखी पाटी.

"मी रणजित. मांजरीचा. हे आमचे तात्याराव," गडी म्हणाला. "आठ वर्सांमागं तुम्ही आमच्याकडं गायकवाडांच्या लग्नाचं शूटिंग केलं होतं. जागरण-गोंधळ आमचाच होता."

"आठवतंय की!" बाबा उठून उभे राहिले. "तात्याराव, रात्रभर एक कॅमेरा फक्त तुमच्यावर लावून ठेवला होता मी. काय आवाज हो तुमचा!"

तात्यारावांनी पाटी पुढे धरली. पेन्सिलीनं लिहिलं, 'होता.'

मग रणजितनं सगळं सांगितलं. दिवाळीत तात्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. पुढच्या बुधवारी हडपसरला एका मोठ्या घरी जागरण ठरलेलं, आणि यजमानानं तात्यांचंच आख्यान मागितलेलं. ते आता रणजितनं उभं करायचं होतं.

"पण तुम्हाला तर येत असेल ना? एवढी वर्षं मागे उभे राहता," संस्कृतीनं विचारलं.

रणजितनं मान खाली घातली. "सगळं येतंय. मधला भाग सोडून. त्याला मागनं झील धरावी लागत न्हाई, तात्या एकटेच गायचे. आन् इतकी वर्सं आम्ही सगळे तेवढ्यात च्या प्यायला जायचो."

दुकानात कुणी हसलं नाही. तात्यारावच तेवढे हसले, आवाज न करता, खांदे हलवून. मग त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, 'शब्द लिहून दिले. चाल पाटीवर बसत नाही.'

"गायकवाडांकडच्या सिनेमात बघितलं का?" बाबांनी विचारलं.

"बघितलं. आख्यान चार मिंटं हाय. आन् त्याच्यावर पिक्चरचं गाणं टाकलंय."

आईनं छताकडं पाहिलं. "ते मीच टाकलं होतं," ती म्हणाली.

तात्यारावांनी लिहिलं, 'गाणं चांगलं होतं.'

पुण्यात वीस वर्षं काढलेली आई टोला ओळखून चहा टाकायला उठली. बाबांनी मात्र छाती पुढे काढून सांगितलं, की कच्चा माल आहे, सबंध रात्रीचा आहे, टेपवर आहे. डब्या शोधल्या. चौदा नंबरच्या टेपेवर यादीत सातवं नाव गायकवाडांचं. शनिवारी दुपारी या, असं सांगून पाहुण्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

संस्कृतीनं त्याच संध्याकाळी खिट्टी सरकवून टेप आत घातली आणि काकांनी शिकवल्यासारखी वाचायची आज्ञा दिली. ड्राइव्ह घरघरला. तिला इतकं बरं वाटलं, की तिनं स्टुलावरच एक गिरकी घेतली. मग पडद्यावर एक इंग्रजी ओळ आली. अर्थ सरळ होता: वाचता येत नाही, मेमरी पुरत नाही.

शुक्रवारी बाबांनी तेजसला बोलावलं. हा संस्कृतीचा मामेभाऊ, हिंजवडीत नोकरीला. कंपनीचं ओळखपत्र गळ्यातून काढायला तो बहुधा आंघोळीच्या वेळीच तयार व्हायचा.

"सिंपल आहे, आत्या," तो पडदा बघून म्हणाला. "एरर स्वतःच सांगतोय. मेमरी कमी पडतेय. रॅम वाढवा."

बाबा स्कूटर घेऊन निघाले. स्वारगेटच्या गर्दीतून बुधवार पेठेत जाऊन, येताना दगडूशेठला बाहेरूनच हात जोडून, दीड तासात परत आले. मेमरी दुप्पट झाली. ड्राइव्ह घरघरला आणि तीच ओळ जशीच्या तशी पुन्हा आली.

"मग टेप डेड आहे," तेजसनं निकाल दिला. "आठ वर्षं झाली. पुण्याचा पावसाळा. फंगस. आतोबा, आजकाल हे कोण वापरतं? सगळं क्लाउडवर टाकायचं."

"वीस तासांची चारशे लग्नं तुझ्या ढगात कोण चढवणार? तू?" आई म्हणाली.

"बरं, ड्राइव्ह तरी जिवंत आहे का बघू. एक छोटीशी फाइल लिहून बघतो." आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यानं लिहायची आज्ञा देऊन टाकली.

ड्राइव्हनं साफ नकार दिला.

"राइट-प्रोटेक्ट? हे कुणी केलं?"

"मी," संस्कृती म्हणाली. तिचे कान तापले होते. "दादा, टेप म्हणजे पेन ड्राइव्ह नाही. सुरुवातीला एक ओळ जरी लिहिली असतीस ना, तरी टेपेनं मानलं असतं की माझं सगळं एवढंच. पुढची सगळी लग्नं गेली असती. आणि तात्यारावसुद्धा."

तेजसचा हात कीबोर्डवरून आपोआप खाली आला. "पण मी तर फक्त टेस्ट..." तो पुटपुटला. "तशीही मेलेलीच आहे ती."

"टेप मेलेली नाही."

आई, बाबा, तेजस, तिघंही तिच्याकडं बघत राहिले. सवयीनं सगळे शेपटाची वाट पाहत होते. शेपूट आलं नाही.

बाबा हळूच म्हणाले, "बाळा, उद्या दुपारी ते येणार आहेत. जमणार नसेल तर आत्ताच फोन करून सांगू. म्हाताऱ्या माणसाला हेलपाटा नको."

"येऊ द्या त्यांना."

म्हणाली खरी. वर जाऊन उशीत तोंड खुपसल्यावर तिला कळलं, की आपण एवढं ठणकावून बोललो ते कशाच्या जोरावर, ते आपल्यालाच ठाऊक नाही. नाही म्हणायला एक गोष्ट होती. मेलेली टेप अशी झटकन, दर वेळी एकाच जागी, एकाच शब्दांत नाही म्हणत नाही. खराब टेप कशी वागते ते काकांनी एकदा दाखवलं होतं. ती पुढे जाते, मागे येते, पुन्हा पुढे जाते, म्हाताऱ्यानं चष्मा शोधावा तशी धडपडते. ही धडपडलीच नव्हती. हिनं दारातूनच परत पाठवलं होतं.

शनिवारी शाळा अर्धी. मराठीच्या तासाला बाई व्याकरण सांगत होत्या आणि संस्कृतीच्या डोक्यात काका बोलत होते. ते एक वाक्य नेहमी म्हणायचे: "मशीन नाही म्हणालं तर रागवायचं नाही. ते कोण म्हणालं ते बघायचं." आत्तापर्यंत सगळ्यांनी 'काय' म्हणालं तेवढंच वाचलं होतं. मेमरी पुरत नाही. पण म्हणालं कोण? कॉम्प्युटर, की टेप चालवणारा त्याच्या आतला भाग?

घरी येऊन तिनं दप्तर जिन्यातच टाकलं. लिनक्समध्ये प्रत्येक गोष्टीची माहितीपुस्तिका मशीनमध्येच भरलेली असते. टेप चालवणाऱ्या भागाचीही होती. लांबलचक, रुक्ष, इंग्रजीत. ती बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेली. शेवटाकडं चुकांची यादी होती, आणि त्या यादीत ही चूक. तिच्यापुढे लिहिलं होतं, की टेपेवरचा पुढचा ठोकळा तुम्ही मागितलेल्या मापापेक्षा मोठा असला, तर मी असं म्हणतो.

तिनं ते वाक्य तीनदा वाचलं. मग अशी ओरडली, की आईला वाटलं झुरळ निघालं.

"दादाला फोन लाव! मेमरीचा काही संबंधच नाही!"

"आधी आम्हाला सांग. आम्हीपण राहतो इथे," आई म्हणाली.

संस्कृतीनं स्वयंपाकघरातून एक वाटी आणली आणि पाण्याचा हंडा दाखवला. "टेपेवर सगळं ठोकळ्याठोकळ्यांनी लिहितात. काका एका वेळी हंडाभर लिहायचे, म्हणजे टेप पळत राहते, अडखळत नाही. आणि वाचताना मी काय केलं? नेहमीचं माप, म्हणजे ही वाटी पुढे धरली. टेप म्हणते, माझा अख्खा हंडा या वाटीत मावत नाही, मी ओतणारच नाही. आणि तेजसदादानं ऐकलं काय? जागा कमी पडतेय. म्हणून त्यानं घरच मोठं केलं. वाटी तीच!"

"म्हणजे त्या रॅमचं..." बाबा म्हणाले.

"सिनेमा कापायला उपयोगी पडेल," आई म्हणाली. तिला ती रॅम केव्हापासून हवीच होती. "पण पोरी, काकांचं हंड्याचं माप किती, ते कुठं लिहिलंय?"

इथं मात्र संस्कृती थबकली. माप काकांच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे मशीनसाठी त्यांनी लिहून ठेवलेल्या आज्ञांमध्ये होतं, आणि स्क्रिप्ट जुन्या मशीनबरोबर भंगारात गेली होती. चारशे लग्नं जपली आणि ती जपायची रीत तेवढी जपायची राहिली. काय म्हणावं!

दारात रिक्षा थांबली. तात्याराव आणि रणजित उतरत होते. रणजितच्या खांद्याला तुणतुणं.

बाबांनी तिच्याकडं पाहिलं. तिनं बाबांकडं पाहिलं. मग तिनं पाहुण्यांसाठी खुर्च्या पुढे ओढल्या. "बसा तात्या. मला अजून माप सापडलेलं नाही. तुमच्यासमोरच शोधते."

आपल्याला येत नाही हे इतक्या मोठ्यानं सांगता येतं, हे तिला त्या क्षणी नवीनच कळलं.

ती स्टुलावर बसली. माप माहीत नसेल तर? तर भल्यामोठ्या टाकीनं घ्यायचं! टाकी भरली नाही तरी हरकत नाही. हंडाभर आलं की मोजायचं, किती आलं ते. तिनं एकच ठोकळा मागितला, पण भांडं मागितलं मिळेल तेवढं मोठं.

ड्राइव्ह घरघरला. सगळ्यांनी श्वास रोखला होता. रणजितला काहीच कळत नव्हतं, पण त्यानंही रोखला.

या खेपेला टेपेनं नाही म्हटलं नाही. पडद्यावर आलं: एक ठोकळा मिळाला. दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तर बाइट.

"आली! आली!" संस्कृती कॅल्क्युलेटर शोधू लागली. वाचायच्या आज्ञेत माप बाइटमध्ये सांगत नाहीत, पाचशे बाराच्या पटीत सांगतात. तिनं भागाकार केला. मग तिनं चौदा नंबरची डबी उचलली आणि सगळ्यांसमोर धरली. खालच्या कोपऱ्यात, लाल शाईनं, काकांच्या वळणदार अक्षरात तेच उत्तर बसलेलं होतं. २०४८.

आई सावकाश बाबांकडं वळली. "सालापर्यंत सुरक्षित," ती म्हणाली.

"अगं, मला वाटलं..."

"चारशे गिऱ्हाइकांना सांगितलंत तुम्ही."

"पण खोटं कुठं ठरलं? आत्ता २०४८नंच उघडली ना!" बाबा म्हणाले आणि स्वतःच एवढे हसले, की त्यांना खाली बसावं लागलं.

पुढचं काम हाताचं होतं. टेप मागे गुंडाळून सुरुवातीला आणायची, तिथून खुणांवरून उड्या मारत सातव्या लग्नापर्यंत जायचं. उडी मारल्यावर टेप तिथंच थांबली पाहिजे, आपणहून मागे पळता कामा नये, एवढं सांभाळायचं. संस्कृतीनं झोकात सात उड्या मारल्या आणि यादी मागितली. पडद्यावर नावं आली: मुंज, भिक्षावळ, मातृभोजन.

"तात्याराव," आईनं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "तुम्ही मुंजीतपण गोंधळ घालायचात का?"

पाटीवर उत्तर आलं, 'बोलावलं तर जाऊ.'

संस्कृतीनं कपाळावर हात मारून घेतला. पहिल्या लग्नापाशी टेप आधीच उभी होती, म्हणजे सातव्याला पोचायला उड्या सहाच. तिनं चूक बोलून दाखवली, टेप गुंडाळली, सहा उड्या मारल्या. गायकवाड. हळद. वरात. जागरण.

आख्यान डिस्कवर उतरायला तासभर लागला. तेवढ्यात आईनं पोहे केले, तेजस फोनवर "असं कसं, असं कसं" म्हणत राहिला आणि मग स्वतःहून म्हणाला, "तो मॅन्युअलचा भाग मला पाठव गं. आणि ती खिट्टी सरकवली होतीस ते बरं केलंस." हे वाक्य संस्कृतीनं त्याला मोठ्यानं पुन्हा म्हणायला लावलं.

मग तिनं फाइल उघडली आणि आवाज वाढवला.

आधी नुसती गर्दी, भांडी, कुणाचं तरी लेकरू रडतंय. मग संबळाचे बोल. आणि मग तो आवाज. खर्जातून उठणारा, रुंद, पाण्यासारखा चढत जाणारा. दुकानाच्या काचा थरारल्या. समोरच्या इस्त्रीवाल्यानं इस्त्री बाजूला ठेवून मान बाहेर काढली.

तात्याराव हलले नाहीत. मफलरवर एक हात ठेवून ऐकत राहिले. झील संपली, मागची माणसं उठून जाताना पडद्यावर दिसली, त्यात बावीस वर्षांचा रणजितही होता, चहाकडं चाललेला. तो मधला भाग सुरू झाला. तात्याराव एकटे. रणजितनं डोळे मिटले आणि त्याचे ओठ हलू लागले.

तिसऱ्या कडव्याला तात्यारावांनी एकदम हात वर केला. संस्कृतीनं घाईघाईनं थांबवलं. तिला वाटलं, म्हाताऱ्याला सोसलं नाही.

तात्यारावांनी पाटीवर लिहिलं आणि ती रणजितच्या नाकासमोर धरली. 'इथे चुकलोय. हे उचलू नको.'

"तुमी? चुकलाय?" रणजित म्हणाला.

तात्यारावांनी पाटी मागे घेतली, लिहिलं, 'चहा प्यायला गेला नसतास तर कळलं असतं.'

बाबा भिंतीकडं तोंड करून हसले. रणजितही हसला, पण त्यानं तुणतुणं मांडीवर घेतलं होतं. कसं हवं ते तात्यारावांनी टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं, एकदा सावकाश, एकदा लयीत. रणजितनं ओळ म्हटली. म्हाताऱ्यानं मान हलवली, नाही. पुन्हा म्हटली. नाही. पाचव्यांदा आवाज वर चढता चढता नेमका त्या जागी वळला, आणि टेबलावरची बोटं थांबली नाहीत, तशीच वाजत पुढे गेली.

संस्कृतीनं लाल मार्कर उचलला. चौदा नंबरच्या डबीवर, काकांच्या आकड्याशेजारी, तिनं आपल्या गिचमिड अक्षरात लिहिलं: 'हे साल नाही, ठोकळ्याचं माप आहे. वाचायची आज्ञा आत ठेवली आहे.' आणि वहीचं पान फाडून, पूर्ण आज्ञा लिहून, घडी घालून डबीत सारलं. अजून चाळीस डब्या बाकी होत्या. तिनं दुसरी ओढली.

तात्याराव तिच्याकडं बघत होते. त्यांनी पाटीवरचा मजकूर मफलरच्या टोकानं पुसला, एकच शब्द लिहिला आणि पाटी तिच्याकडं वळवली.

'पुढे.'

तिनं आख्यान पुन्हा सुरू केलं.